आठव्या नंबरचं गाणं

आमच्या बँडच्या दुसऱ्या अल्बमवर एकूण चार परीक्षणं आली. चारही मला पाठ आहेत. विसरायचा प्रयत्न करून झाला, जमत नाही.

बँड म्हणजे आम्ही तिघं. गाणारा मित्र धनजचा, ड्रमवाला कारंज्याचा आणि बेस गिटार घेऊन मागे उभा राहणारा मी, शेलूबाजारजवळच्या एका भाजीपाल्याच्या वावरातला. आम्ही वऱ्हाडीत रॉक गायचो. गावात लोक हसायचे, घरचे हसायचे नाहीत, कारण त्यांचं आवाजाने डोकं दुखायचं. सराव आमच्या सोयाबीनच्या गोदामात चालायचा. पहिला अल्बम तिथेच मोबाइलवर रेकॉर्ड केला, आणि काय झालं देव जाणे, पुण्या-मुंबईच्या समीक्षकांना तो आवडला. त्यांना म्हणे त्यात मातीचा वास आला. गोदामात तर फवारणीच्या औषधाचा वास यायचा. पण कौतुक कुणाला नको असतं? आम्ही हुरळलो.

दुसऱ्या अल्बमला वर्ष घातलं. नागपूरला जाऊन नीट स्टुडिओत रेकॉर्ड केला. पुण्यातल्या एका मोठ्या संगीत महोत्सवाच्या लोकांनी सांगून ठेवलं होतं की परीक्षणं येऊ द्या, चांगली आली तर तुम्हाला बोलावतो. इकडे मित्राच्या भावजींनी चाकणच्या कंपनीत त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. म्हणजे हिशेब सरळ होता, आणि मित्राने तो गोदामात पोत्यावर बसून आम्हाला ऐकवलाही होता. "चांगलं लिहिलं त थांबतो, नाई त चाललो. घरच्यायले किती दिवस थांबा म्हनू?"

अल्बममध्ये आठ गाणी होती. सात बरी होती, आणि एक गाणं असं होतं की ते आपण वाजवलंय यावर माझा आजही विश्वास बसत नाही. मित्राच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यायला काळीपिवळी जीपमध्ये बसवलं होतं, आणि काळीपिवळी सगळ्या सीट भरल्याशिवाय हलत नाही. दोन सीट रिकाम्या होत्या. मित्राची आई फाट्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, येता का, वाशीमला येता का. गाणं तेवढंच. पहिली चार मिनिटं त्यात ड्रम नाही, गिटार नाही, फक्त त्याचा आवाज. स्टुडिओतला माणूससुद्धा ते झाल्यावर उठून बाहेर गेला होता.

हे गाणं कुठे ठेवायचं यावरून आमचं वाजलं.

"पयलं ठेव," मित्र म्हणाला. "हे आयकलं त बाकीचे आयकतीन."

मी म्हणालो, शेवटी. आणि हट्टालाच पेटलो. त्यामागे आमच्या घरची एक रीत होती. बाजारात प्रत्येक जण टोपलीत वर चकचकीत माल लावतो आणि खाली किडका, बारीक. माझे वडील उलटं करायचे. वर बारीक वांगी, आणि जसजसा हात खाली जाईल तसतसा माल चांगला, तळाशी सगळ्यात उत्तम. हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या वेळी जुने व्यापारी वरच्या मालाकडे बघायचेसुद्धा नाहीत. कोपरापर्यंत हात घालायचे, तळातलं एक वांगं बाहेर काढायचे आणि मान हलवायचे. लहानपणापासून मी हे बघत आलो होतो. मला वाटायचं जगाची पद्धतच ही आहे. वर सजवून ठेवणं म्हणजे फसवणूक, आणि खरा पारखी तळाशी हात घालतोच.

"पारखी मानसं हायेत ते," मी मित्राला म्हणालो. "शेवटापर्यंत जातेत."

ड्रमवाला म्हणाला, मले भूक लागली, काय ते ठरवा. मित्र म्हणाला, "तुले एवढं वाटून राह्यलं त ठेव शेवटी." तो असाच होता. भांडायचा, आणि मग मोठेपणाने सोडून द्यायचा. तेवढी एक वेळ त्याने सोडायला नको होतं.

परीक्षणं आली. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ऐकून होतो, पण इथे वरची दोन शितंच चाखली गेली होती. एकाने लिहिलं की पहिल्या अल्बममधली माती आता धुऊन निघाली आहे. एकीने लिहिलं की मुलं शहाणी झाली, बिघडली. तिसऱ्याची तक्रार होती की सगळ्या अल्बमभर ड्रम एक क्षणही थांबत नाहीत, कान किटतात. चौथ्याचं परीक्षण मोठं होतं, सभ्य होतं, आणि सगळ्यात जास्त त्यानेच मारलं. त्याला खंत वाटत होती की इतका चांगला गळा असलेला हा गायक अख्ख्या अल्बममध्ये एकदासुद्धा एकटा ऐकू येत नाही. असं एक जरी गाणं असतं, तर.

मित्राने चारही परीक्षणं गोदामात मोठ्याने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर मोबाइल खिशात टाकला. मी वाट बघत होतो की आता हा मला शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "आठव्याचं कोनीच काई नाई लिहिलं, ना?"

मी त्या चौथ्या समीक्षकाला मेल लिहिला. लाज सोडून लिहिलं की साहेब, शेवटचं गाणं ऐका, तुम्ही म्हणता ते त्यात आहे. त्यांचं उत्तर आलं, आभार मानले होते, सवड झाली की ऐकेन म्हणाले. महोत्सवाची यादी लागली, तिच्यात आम्ही नव्हतो.

मित्र चाकणला गेला तेव्हा फाट्यावर सोडायला मीच होतो. काळीपिवळी भरायची होती, तीन सीट कमी होत्या. आम्ही अर्धा तास उभे होतो, आणि दोघांच्याही मनात काय होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. गाडीवाला ओरडत होता, वाशीम, वाशीम. माझं चुकलं हे म्हणायला अर्धा तास पुष्कळ होता. मला ते जमलं नाही.

त्यानंतर आठवड्याभराने वडील कडुलिंबाखाली वांगी निवडत बसले होते. म्हणाले, "त्या पोराचं गानं लाव बरं. तळातलं कोनतं हाय, थेच लाव."

मी आठवं लावलं. चार मिनिटं होईपर्यंत त्यांचे हात थांबलेले होते. संपल्यावर त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. मला भरून आलं. त्या भरात मी त्यांना सगळं सांगितलं, गाणं तळाशी का ठेवलं ते, तुमच्यासारखंच केलं, पण त्या लोकांनी हातच घातला नाही. वाटलं, म्हणतील की मूर्ख आहेत लेकाचे. तेवढ्यासाठीच तर सांगत होतो.

ते म्हणाले, "अरे बाबू, टोपल्यापाशी मी उभा राहो ना. तीस वर्सं एकाच जाग्यावर उभा राह्यलो, तवा लोकं हात घालत. नव्या मानसाच्या टोपल्यात कोन हात घालते? तुमच्या गान्यापाशी कोन उभं होतं?"

आणि पुन्हा वांगी निवडायला लागले.

मित्राचा फोन येतो अधूनमधून. तो शिफ्टचं सांगतो, मी पाण्याचं. परवा जाता जाता त्याने विचारलं, "आठवं कोनी आयकलं का बे?"

"बाबानं आयकलं," मी म्हणालो.

"मंग? काय म्हने?"

मी म्हणालो की इकडे रेंज जाऊन राह्यली, आणि फोन ठेवला.