मास्तरांचा बिनचेंडूचा सामना

हे लिहायचं मी पन्नास वर्षं टाळलं. ‘तुमची बास्केटबॉलची टीम मोडली कशी हो?’ असं कुणी विचारलं की मी दुष्काळाचं नाव सांगायचो. दुष्काळावर काहीही ढकललं तरी लोकांना पटतं. गेल्या महिन्यात भिंगारदिवे मास्तरांच्या लेकीचा फोन आला, “काका, बाबा गेले.” फोन ठेवला आणि वाटलं, आता लपवायचं तरी कुणापासून?

आमच्या साखर कारखान्याची टीम होती. खेळाडूंना कामगार म्हणून पगारावर घेत. एकाहत्तरच्या सुमारास चांगले खेळाडू एकेक करून रेल्वेत, पोलिसात गेले. जुन्यांतला मी एकटा उरलो, म्हणून कॅप्टन झालो. टीम नव्याने उभी करायला नगरहून शमुवेल भिंगारदिवे मास्तरांना आणलं. ते एसटीने गावोगाव फिरले आणि तिसगाव, राजूरकडची नऊ उंच पोरं घेऊन आले. एकानेही बास्केटबॉल पाहिला नव्हता. चेंडू दिसला की नऊच्या नऊ त्याच्यामागे धावायची. आठवडाभर बघून मास्तरांनी चेंडू पेटीत घातला आणि कुलूप लावलं. “आता सामना खेळा. चेंडू आहे असं समजून. एकमेकांकडे बघा.”

रोज सकाळी आम्ही दहा जण पाच-पाच होऊन असे खेळायचो. नसलेला चेंडू टाकायचा, झेलायचा, जाळीत मारायचा. मध्येच मास्तर शिट्टी फुंकायचे, “चेंडू कुणाकडे?” सगळ्यांनी बोट दाखवायचं. सुरुवातीला दहा बोटं दहा दिशांना जायची. दोन महिन्यांनी सगळी एकाच माणसाकडे वळू लागली. त्या वर्षी ऊस नव्हता, कारखाना बंद, धुराडं थंड. त्या शांततेत मातीवर फक्त पावलं वाजायची… आणि खरं सांगतो, पुढेपुढे मला चेंडूचा धप्प धप्प आवाजही यायचा. बाकीच्यांना येत होता का, हे मी कधी विचारलं नाही.

त्याच दिवसांत मास्तर मला म्हणाले, “दामू, आता सामन्यांत तू बाहेर बसून पोरं सांभाळ. तुझ्या जागी एकनाथ खेळेल.” एकनाथ तिसगावचा, एकोणीस वर्षांचा. माझा गुडघा वाजत होता, मास्तरांचं बरोबर होतं. पण मला ते सहन झालं नाही.

दोन दिवसांनी सरावात शिट्टी वाजली. “चेंडू कुणाकडे?” दहा हात उठले आणि सगळे पलीकडच्या खांबाखालच्या जागेकडे वळले. तिथे कुणीच नव्हतं. माझाही हात उठला होता. मी उचलल्याचं मला आठवत नाही. मास्तर बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

एकनाथ हसला. “मास्तर, ह्यो अकरावा कोन हाय? त्याला बी पगार सुरू करा की!”

“आदी उंची मोजा त्याची,” राजूरचा एक जण म्हणाला. “लई वर हात जातोय गड्याचा.”

सगळे खो खो हसले. मास्तरही हसले. “बरं, मग त्यालाही खेळवा.” आणि पोरं खेळली. एकाने तिकडे चेंडू टाकला, क्षणभर थांबून दुसऱ्याने तिकडून झेलला. माझ्या अंगावर काटा आला.

दुपारी मी मॅनेजरसाहेबांना अर्ज लिहिला. मास्तर पोरांवर भलतेसलते प्रयोग करतात, पोरं घाबरलेली आहेत. खाली ‘सर्व खेळाडूंच्या वतीने’ लिहून कॅप्टन म्हणून सही केली. पोरांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. साहेबांनी मास्तरांना मजकूर वाचून दाखवला, नाव झाकून ठेवलं. संध्याकाळी नोकरी सोडून निघालेल्या मास्तरांची ट्रंक मी दोरीने बांधू लागलो. “घाबरलेल्या पोरांसमोर कशाला जायचं?” ते म्हणाले. मग थांबून, “तू कॅप्टन आहेस. खरं सांग, पोरं मला भीत होती?”

मी मान हलवली… होय अशी.

दुसऱ्या दिवशी ऊन तापेपर्यंत नऊ जण मैदानावर उभे होते. “कॅप्टन, मास्तर आमाला न सांगता गेले,” एकनाथ म्हणाला. “आमचं काय चुकलं?” दोन महिन्यांत टीम बंद झाली आणि पोरं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मी कारखान्याच्या ऑफिसात कायम झालो.

मास्तरांनी पुढे नगरच्या एका वसतिगृहात कारकुनी केली. पुन्हा कुणाला खेळ शिकवला नाही. लेक फोनवर सांगत होती, “बाबा वसतिगृहातल्या मुलांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवायचे नाहीत. घाबरतील म्हणायचे.”

मागच्या वर्षी मी त्यांच्या घरी गेलो होतो. बोलायची वाक्यं एसटीत घोकली होती. मास्तरांना फार आनंद झाला. एकनाथची चौकशी केली. मी म्हटलं, बरा असेल. चहा आला, लेक आत गेली, आम्ही दोघेच उरलो. मी तोंड उघडलं आणि विचारलं, “डोळ्याचं ऑपरेशन झालं का?”

“झालं की,” ते म्हणाले.

मी उठलो. ते दारापर्यंत आले, भिंत धरून. मास्तर, एकही पोरगं घाबरलं नव्हतं, अर्ज मी लिहिला होता, मला माफ करा… चपला घालता घालतासुद्धा म्हणून झालं असतं. मी म्हटलं, “येतो.”