पाण्याच्या कॅनची फेरी

सकाळी सव्वासातला चाकणच्या कांदा बाजारात दुसऱ्या ट्रकची शेवटची पिशवी साहेबरावांच्या पाठीवर होती. ती त्यांनी थप्पीवर टाकली. टोळीतले बाकीचे गाळ्याच्या सावलीत मटकन बसले. साहेबराव मात्र वजनकाट्यापर्यंत चालत गेले आणि परत आले.

“नवे मुकादम आले,” टोळीतला गणराज म्हणाला. सगळे हसले. रिकाम्या हातानं फिरणं हा मुकादमाचा मान. हमालानं तसं केलं तर ती अंगचोरी.

साहेबराव कुरुळीचे, वय चौपन्न. पावसाळ्यात रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हापासून गाडी खाली करून टेकलं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई. गोळी अंगातलं बळ ओढून घेते, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि बाजाराच्या दिवशी ते ती टाळू लागले. अंधारी थांबली, पण पिशवी उचलताना कानशिलं ठणकू लागली. बायको सोजरबाईंच्या हे लक्षात आलं. त्यांनी समोर उभं राहून गोळी गिळायला लावली आणि नेमके त्याच दिवशी साहेबराव बसल्याजागेवरून उठताना कोलमडले. मुकादम सोपानरावांनी सरळ सांगितलं, पुन्हा असं झालं तर पिशव्या शिवायला बसायचं. शिवायला बसलेला हमाल परत गाडीवर चढल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

सोजरबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर चारुलताबाईंनी हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. मग त्यांनी समजावलं. या गोळीनं रक्तवाहिन्या सैल होतात, कष्ट करताना पायांतल्या आणखी उघडतात. पाय चालते असेपर्यंत रक्त वर ढकललं जातं. एकदम थांबलं की ते खालीच साचतं आणि उठताना दाब उतरतो. गोळी टाळली तर ओझ्याखाली दाब भडकतो, आणि ते जास्त वाईट.

“गोळी रोज घ्यायची. लगेच बसणं तेवढं सोडा. काम संपलं की पाच मिनिटं चाला, पाणी प्या, आणि उचलताना श्वास कोंडू नका.”

गोळीची भीती गेली होती. उरलं होतं ते टोळीचं हसू.

तिसरी गाडी खाली झाली. साहेबराव टाकीकडे गेले, पाण्याचा कॅन भरला आणि एकेकाजवळ जाऊन ओतू लागले. गणराजनं ओंजळ पुढे केली. पाणी पाजणाऱ्याला अंगचोर कोण म्हणणार?

सोपानराव शेवटी प्यायले. तोंड पुसत त्यांनी हळूच विचारलं, “गोळी घेतलीस न्हवं?”

“व्हय.”

“डोळ्याम्होरं काय येतंय का?”

“न्हाई.”

“मग पिशव्या शिवायचं ऱ्हाऊ दे. उद्या पहिल्या गाडीवर चढ.”

कॅन आता वजनकाट्यामागे पालथा घातलेला आहे. उद्या पहिली गाडी साडेसहाला लागेल. साहेबरावांची गोळी त्याआधी, सहाच्या चहाच्या वेळी.