राजवाड्याच्या भिंतीतलं भगदाड

काकीला रागवायला कारण लागत नाही, असं खोदकामावरचे सगळे म्हणत. या वेळी मात्र कारण होतं, आणि चांगलं दोन हात रुंद होतं.

बावीस वर्षं ती माती खरवडत आली होती. इथे जुन्या राजांची वस्ती आहे हे खोदकाम चालवणाऱ्या साहेबांनी पुस्तकांतून शोधलं. त्या वस्तीच्या भिंती शोधल्या काकीने. कच्च्या विटांची भिंत आणि भोवतालची माती, दोन्हींचा रंग एकच. भल्याभल्यांना फरक कळत नाही. काकी जमीन खरवडून साफ करायची, वर पाणी शिंपडायची आणि उकिडवी बसून राहायची. माती आधी सुकते, वीट मागाहून, आणि तेवढ्यात विटांच्या ओळी दिसून जातात. त्याला अर्धा तास लागतो. त्या मंगळवारी साहेबांना तेवढाही धीर नव्हता. शनिवारी पाहुणे येणार होते आणि त्यांना दाखवायला दरबाराची फरशी हवी होती.

"साहेब, इथे भिंत आहे. पाणी मारू द्या."

"माती आहे ती, काकी. कुदळ घाला."

"अहो, वीट लागतेय माझ्या हाताला!"

"तुमच्या हाताला लागतं, असं लिहू का अहवालात?"

सगळे हसले. काकीने दातओठ खात कुदळ घातली. दुपारी भगदाडाच्या कडांवर पाणी मारलं, तर दोन्ही बाजूंना विटाच विटा. साहेब हात झटकून जेवायला गेले. काकीला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कुदळ फेकून देता आली असती की! घरी तिने बिचाऱ्या जावेला उगाच फाडून खाल्लं.

शनिवारी साहेब पाहुण्यांपुढे अगदी रंगात आले होते.

"आणि इथे शत्रूने राजवाड्याची भिंत फोडली!"

पाहुण्यांनी धडाधड फोटो काढले. एक बाई हळहळली, "कोण असतील हो ते मेले?"

काकी टोपली टाकून पुढे निघाली. तिथेच कामाला असलेल्या जावेने तिचा दंड धरला. "गप बसा हो, उद्यापासून घरी बसवतील."

"बसवू देत."

ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मी फोडली. परवाच्या मंगळवारी. वीट आहे हे कळत होतं, तरी साहेबांनी घाल म्हटलं आणि मी घातली. शत्रू-बित्रू कुणी आला नव्हता. ते मेले आम्ही दोघंच."