चॅपेलच्या दोन खिडक्या

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. दौंडच्या एका जुन्या चर्चमधली ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. चर्चची राखण करणारे आबा चॅपेलमध्ये मरून पडले होते. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीचे गृहस्थ. डोकं दगडी पायरीवर आपटलेलं, शेजारी शिडी आडवी. वर जिथं रंगीत काचांच्या दोन खिडक्या असायच्या, तिथून आता नुसतं आभाळ दिसत होतं.

पंचनामा चालू असताना चर्च कमिटीच्या सेक्रेटरींनी त्या काचांची हकीकत सांगितली. प्लेगच्या साथीत इथल्या एका इंग्रज रेल्वे अधिकाऱ्याच्या दोन मुली एकाच आठवड्यात गेल्या. त्यांच्या आठवणीसाठी त्यानं चर्चला लागून हे चॅपेल, म्हणजे प्रार्थनेची छोटी खोली, बांधलं आणि काचा बोटीनं विलायतेहून आणवल्या. एका खिडकीत त्या मुली, दुसरीत मेंढपाळाच्या रूपातला येशू. रंगीत तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले. खुटबावकडच्या धनगर बायाही आजारी लेकरं घेऊन त्या मेंढपाळापुढे बसायच्या.

शवविच्छेदन अहवालात दोन गोष्टी होत्या. आबांचे दोन्ही तळवे काचेनं खोल कापले होते, म्हणजे त्यांनी खिडकी घट्ट धरून ठेवली होती. आणि मृत्यू लगेच आलेला नव्हता. तास-दीड तास गेला असावा.

तीन दिवसांनी कारेगावच्या एका भंगारवाल्यानं खबर दिली. एकानं त्याच्याकडे शिसं विकायला आणलं होतं. ते बॅटरीचं नव्हतं, त्याला हिरवी काच चिकटलेली होती. आणणारा शिरूरकडचा खिडक्या बसवणारा फिटर निघाला. महिन्यापूर्वी कमिटीनंच त्याला एक तडकलेली काच दुरुस्त करायला बोलावलं होतं. दोन दिवस तो आबांच्या डब्यातलं जेवला होता.

चौकशीत तो दोन तास एकच सांगत राहिला, की त्या दिवशी तो शिरूरलाच होता. मी हात उगारला नाही. भंगारवाल्याकडून आणलेली शिशाची वाकडी पट्टी टेबलावर ठेवली आणि अशी खिडकी उतरवायला किती वेळ लागतो, एवढंच विचारलं. तो कारागीर होता, सवयीनं बोलून गेला.

"एकीला तास जातो. शिसं मऊ असतंय, घाई केली की वाकतंय."

मग ती पट्टी हातात घेऊन तो सरळ करू लागला. थोड्या वेळानं त्यानं सगळं सांगितलं. पहिली खिडकी निघत असताना आबा आले. त्यांनी ती धरली, सोडेनात. त्यानं ढकललं.

"दुसरी कधी काढलीस?"

"त्याच्यानंतर."

"आबा जिवंत होते?"

"व्हय. पानी मागत हुतं."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं.

एका फार्महाऊसवाल्यानं जुन्या काचा मागितल्या होत्या. पण उतरवताना मेंढपाळाचा चेहरा फुटला, म्हणून त्यानं त्या घेतल्याच नाहीत. मग फिटरनं शिसं भंगारात काढलं, काचा त्याच्या शेडमध्ये पोत्यात सापडल्या.

आबांची मुलगी जबाबाला आली तेव्हा सहज म्हणाली, "बाबा तुमच्याकडं आलं हुतं की. काम संपलं तरी तो फिटर येतोय, खिडक्या मोजतोय, फोटू काढतोय, असं सांगाया."

मी स्टेशन डायरी मागवली. नोंद नव्हती. मग आठवलं. बंदोबस्ताची सकाळ, मी घाईनं सह्या करत होतो, टेबलापलीकडून कुणीतरी खिडक्यांचं काही सांगत होतं. मी म्हणालो होतो, "कमिटीचं पत्र घेऊन या." मान वर केली नव्हती. म्हणूनच चॅपेलमध्ये आबांचा चेहरा मला ओळखू आला नाही.

मुलीचं ते वाक्य जबाबात घेऊ नका, असं वरिष्ठांनी सुचवलं. मी घेतलं. फिटरला जन्मठेप झाली, माझ्या सेवापुस्तकात शेरा आला. दोन्ही योग्यच झालं.

जबाबाच्या दिवशीच मी आबांच्या मुलीला सांगितलं, की बाबा ज्याच्याकडे आले होते तो मीच. तिनं टेबलावरच्या डायरीकडे पाहिलं.

"लिवून घ्यायला किती येळ लागला असता, सायेब?"

"पाच मिनिटं."

तिनं जबाबावर सही केली आणि गेली.

ठाण्याची पायरी चढणाऱ्या माणसाला पुढे काय होणार याची निम्मी कल्पना असते, म्हणूनच तो आलेला असतो. हे मला वीस वर्षं नोकरी केल्यावर कळलं. पुढे निवृत्तीपर्यंत समोर कुणी बोलत असताना मी सही केली नाही. आबांना त्याचा काही उपयोग नव्हता.