दाढीचा ब्रश

राजापेठेत आमची गाडी धुणारा माणूस टायरला कडक ब्रश लावायचा, रिमला मऊ कापड. नटांच्या खोबणीत मात्र दाढीचा जुना ब्रश फिरवायचा आणि तेव्हा स्वतःचाच गाल फुगवायचा. मला हसू यायचं.

एकदा कारण विचारलं, "हा ब्रश कावून?"

"माह्या बापाचा हाय. तो गेल्यावर कपडे, चपला सारं वाटलं. हा कोनी घेतला नाई." मग म्हणाला, "शेवटी लकवा मारला त्याले. दाढी मीच करून देत होतो. त्याले गाल फुगवता येत नव्हता, म्हून मी फुगवून दाखवत होतो."

तो पुन्हा चाकापाशी उकिडवा बसला. ब्रश फेसात बुडवला. त्याचा गाल फुगला, आणि बराच वेळ तसाच राहिला.