दिवटीच्या बुडाशी पाणी

सुट्टीच्या दिवशी मला घरात बसवत नाही. त्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं, जाफराबादच्या पुढे एका गावच्या देवराईत दिवटी फुललीय. पिवळ्या फुलांचं हे झुडूप तिने दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही. झालं, सकाळी मी जालन्याच्या स्टँडवर हजर!

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं निमित्त सांगायची सोय उरलेली नाही. जाफराबादला उतरून गरम भजी आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या. पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि मला धीर म्हणून नाही.

"जल्दी काय हाय ताई? झाड काय पळून चाल्लं का?" ड्रायव्हर म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, पण घड्याळाकडे बघत.

देवराई म्हणजे टेकडीच्या उतारावरचा जेमतेम दोन शेतांएवढा झाडोरा. चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून जाड मोजे न्या. दिवटी दिसली, पण काय अवस्थेत! तिच्याभोवती नवाकोरा सिमेंटचा ओटा, त्यावर गेरू-चुन्याचे पट्टे, आत नुसता चिखल. फुलं मोजकीच, बुडाकडच्या फांद्या काळ्या पडलेल्या.

तेवढ्यात शेजारच्या शेतातल्या मावशी कळशी घेऊन आल्या. ओटा गावाने वर्गणी काढून बांधलेला, पाण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलेलं.

"दुरून लोक पाहायला येऊन राह्यले. मंग देवीला असं उघड्यावर कामून ठिवायचं?"

"मावशी, हे कोरडवाहू झाड आहे. पाण्याने मुळं कुजतायत. ओटा फोडायला हवा."

"पूजा झाली ना त्याची! आता हात न्हाई लावता येत."

"मग पाणी तरी बंद करा."

त्या कळशी खाली ठेवेनात. "अन् तहानेनं मेली तर?"

"नाही मरणार," मी ठासून सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी कळशी बाजूच्या लिंबाला ओतली. मग घरी नेऊन पिठलं-भाकरी वाढली आणि माझा नंबर घेतला.

परतताना मैत्रिणीला फोटो पाठवले. पाणी तोडलंस ते बरं केलंस, ती म्हणाली, पण मुळं किती गेलीत ते वरून कळत नाही. उरलेला रस्ता मी खिडकीबाहेर काहीच पाहिलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर उन्हाळा तापायच्या आत जा आणि झाडाला पाणी घालू नका.

काल मावशींचा फोन आला. "ताई, पानी बंद केलं. रोज नुसती जाऊन बसते. पानं गळून राह्यली हो. तुमी म्हणल्या म्हणून ऐकलं. बराबर हाय ना?"

उन्हाळ्यात दिवटी पानं गाळतेच. कुजलेलं झाडही गाळतं.

"बराबर आहे, मावशी," मी म्हणाले. तेव्हापासून दुसऱ्या कुठल्याही गावासाठी बॅग भरवत नाही.