सूर्य पहिल्या मजल्यावर पोचत नाही

आमच्या सोसायटीने सोळा गिझरांना हार घालून निरोप दिला, आणि त्या सोहळ्याचं भाषण मी केलं. खोटं वाटेल, पण पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून सोळाही गिझर ओळीने मांडले होते. झेंडूचे हार मी स्वतः पहाटे मार्केट यार्डातून आणले होते. गच्चीवर सौर बंब बसला होता, वीज वाचणार होती, पृथ्वी वाचणार होती आणि मी सेक्रेटरी होतो! कॉलेजात नाटकं केलेल्या माणसाला याहून काय हवं? हात उंचावून मी सर्वांकडून शब्द घेतला: या इमारतीत पुन्हा गिझर येणार नाही. टाळ्या पडल्या. भंगारवाल्याने हारांसकट माल टेम्पोत भरला.

मी चौथ्या मजल्यावर राहतो. बंब माझ्या डोक्यावरच. नळ उघडला की कढत पाणी. पहिल्या मजल्यावर मात्र आधी पाइपात साठलेलं गार पाणी यायचं, तीन बादल्या भरून. मग कोमट. मग तेही संपायचं, कारण तोवर वरच्यांच्या अंघोळी उरकलेल्या.

तिथे एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांच्या पत्नीला, काकूंना, संधिवात आहे. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसल्याशिवाय त्यांची बोटं मिटत नाहीत, की उघडत नाहीत. टँकरचं पाणी सांडणं सरांच्या तत्त्वात बसत नसे. त्या तीन बादल्यांनी ते फरशी पुसत, कुंड्यांना घालत, आणि काकूंसाठी पातेलं गॅसवर चढवत.

"कसा काय आहे सोलर?" मी एकदा उत्साहाने विचारलं.

"उत्तम. सूर्य पाणी तापवतो. मी त्याला गॅसवर आठवण करून देतो."

यावर उपाय होता. पाणी पाइपात फिरतं ठेवायला एक छोटा पंप आणि परतीची लाइन. सभेत विषय निघाला. वरचे दोन मजले म्हणाले, "आमच्याकडे तर येतं." मी बशीतल्या चहाकडे पाहत राहिलो. माझ्याकडेही येत होतं ना! विषय पुढच्या सभेवर गेला आणि तिथेच राहिला.

मग कचऱ्याच्या डब्याशी थर्माकोल दिसायला लागलं. पहिलं दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचं. दोघांना हिंजवडीची बस सकाळी साडेसहाला पकडायची असते, पाइप गरम व्हायची वाट कोण बघणार? विचारलं तर म्हणाले, "मिक्सर घेतला काका." त्या वर्षात आमच्या इमारतीत नऊ मिक्सर आले.

पुढच्या ऑगस्टात सलग बारा दिवस ऊन पडलं नाही, चौथा मजलाही गारठला आणि उरलेल्या घरांतही एकेक खोकं जायला लागलं. बायको म्हणाली, "फक्त पावसाळ्यापुरता." मी खोक्यावर चादर टाकून जिना चढत होतो, तर पहिल्या मजल्यावर सर दारात उभे.

"काय आणलंत?"

"हार्मोनियम," मी म्हणालो. रंगभूमीने मला हजरजबाबीपणा दिला, अक्कल नाही दिली.

"वा. कधी ऐकवताय?"

तो 'पावसाळ्यापुरता' हिवाळ्यातही भिंतीवर होता. डिसेंबरात एकदा काकूंना जिन्यात पाहिलं. किल्ली लॅचमध्ये घातली होती, पण ती फिरवता येत नव्हती. मी दार उघडून दिलं आणि त्यांच्या मागोमाग आत गेलो. सर आत वर्तमानपत्र वाचत होते.

"सर, गिझर बसवून घ्या."

"तुम्ही शब्द घेतला होतात."

"मीच मोडलाय. माझ्याकडे गिझर आहे."

"माहीत आहे. हार्मोनियमला नळ जोडायला प्लंबर येत नाही."

"मग तुम्ही एकटेच कशाला..."

"पंधरा घरांनी मोडला, म्हणून तो शब्द नव्हता असं होत नाही," सर शांतपणे म्हणाले. "एका घराने तरी पाळावा."

काकू खुर्चीत बसत म्हणाल्या, "शब्द यांचा आणि हात माझे."

सर उठून गॅसवर पातेलं चढवायला गेले. नाट्यमय प्रसंग घडवून आणल्याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला नाही.

आठवड्याभरात सोळावा गिझर आला. उघड्यावर, चादर न टाकता. तो बसवायचा होता तेव्हा सरांनी मला बोलावलं, बहुधा साक्षीदार म्हणून. वर गच्चीत बंब भर दुपारी उकळत होता आणि कुणालाच नको असलेली वाफ नळीतून बाहेर टाकत होता. काचा पुसायलाही आता कुणी जात नाही. मीही नाही.

इलेक्ट्रिशियन गेला. पाणी तापून गिझरचा लाल दिवा विझल्यावर काकू न्हाणीघरात गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला, मग त्यांचा एक लांब सुस्कारा. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. आता मला कुणाच्याच दारावरून मान खाली घालून जावं लागणार नव्हतं.

आत बादली भरली. पाणी काठावरून फरशीवर वाहायला लागल्याचं आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि ते वाचत राहिले.